अळीच्या वाट्याच्या पाच ओळी

माझे बाबा पेरणीच्या दिवशी बांधालगत ज्वारीच्या दोन ओळी टाकत आणि त्यांची कणसं कधीच कापत नसत. ती पाखरांची. बऱ्हाणपूरकडच्या तुकईथडच्या आमच्या शेतात या नियमावर वाद चालत नसे. लहानपणी मी एकदा हुरड्यासाठी त्यातली चार कणसं तोडली, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या ताटातलं उचलते का कोनी?" ओरडले नाहीत. बाबा ओरडत नसतच, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

मी शिकले, बऱ्हाणपूरच्या एका हिंदी शाळेत जीवशास्त्र शिकवू लागले. आई आधीच गेलेली आणि मी एकुलती एक, त्यामुळे बाबा गावात एकटे. बाकी शेत कापसाचं. त्या वर्षांत कापसावर हिरव्या अळीचा असा कहर असायचा की दर आठ-दहा दिवसांनी पाठीवर पंप घेऊन फवारणी करावी लागे. मी रविवारी गेले की घरभर तोच उग्र वास. पंच्याला, अंथरुणाला, पाण्याच्या लोट्याला सुद्धा. मी बडबड करायची, ते हसायचे.

एका श्रावणात ते फवारता फवारता सरीतच कोसळले. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून बऱ्हाणपूरला आणलं तेव्हा तोंडाला फेस होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. चार दिवसांनी शुद्ध नीट आली. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं, "काका, अब पंप को छूना भी मत. एक बार बच गए, हर बार नहीं बचोगे."

गडी लावा म्हटलं तर बाबांचं उत्तर तयार. "माह्या वावरातलं जहर दुसऱ्याच्या पाठीवर कायले लादू?" म्हणजे कापूस तरी सोडायचा, नाहीतर जीव तरी. आणि कापूस ते सोडणार नव्हते, हे मला पुरतं ठाऊक होतं.

अशात बीटीचं बी आलं. त्या बियातच असा गुण घातलेला होता की पान खाल्लं की अळी मरते. मी त्याची माहिती वाचली आणि मला रडू आलं. खोटं नाही सांगत. विज्ञानाची शिक्षिका असून विज्ञान आपल्या घरी एवढं वेळेवर येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाबांनी डबा आणला त्या दिवशी मी गावातच होते. आत बियांचं मोठं पाकीट, एक लहान पाकीट आणि एक घडीचा कागद. कागदावर पाच-सहा भाषा, आणि अक्षरं मुंगीएवढी. ओसरीवर शेजारपाजारचे आठ-दहा जण येऊन बसले होते. त्यांनीही तसेच डबे आणले होते. बाबांना वाचता येत नव्हतं; त्यांनी कागद माझ्या हातात दिला. जरा मिरवतच म्हणाले, "वाच बाई. आमच्या घरात मास्तरीण हाये."

मी वाचलं. लहान पाकिटात साधा कापूस होता, बीटी नसलेला. शेताभोवती त्याच्या पाच ओळी लावायच्या होत्या, मुद्दाम, अळ्यांसाठी. कारण मला कोणी समजवायला नको होतं. लाखांत एखादी अळी बीटी खाऊनही जगते. आसपास साध्या कापसावर वाढलेल्या भरपूर अळ्या असल्या, तर पतंग झाल्यावर त्या एकीची जोडी त्यांच्यातल्याच कुणाशी जमते आणि तिचा तो गुण पुढच्या पिढीत पातळ होतो. साधा कापूस नसेल, तर जगलेल्यांची जोडी जगलेल्यांशीच जमेल आणि काही वर्षांत सगळीच अळी बीटीला दाद देणार नाही. नववीच्या वर्गात मी हेच फळ्यावर काढत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते काही उगाच नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढे बाबा होते, सरीत पडलेले. पाच ओळींवर अळी येणार, आणि डोळ्यांदेखत पिकाला अळी लागलेली बघून हा माणूस स्वस्थ बसणार नाही. पुन्हा पंप पाठीवर घेणार. मी कागदाची घडी केली आणि म्हटलं, "काही नाही बाबा. ते लहान पाकीट साधं बी आहे, उगाच दिलंय. फेकून द्या."

"फेकायचं म्हन्ते मास्तरीण," बाबांनी ओसरीला सांगितलं. ओसरीने गावाला सांगितलं. बी विकणाऱ्या दुकानदाराने कुणाला काही सांगितलंच नव्हतं. आमचं पाकीट मी माझ्या हाताने उकिरड्यात पुरलं.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, आणि ती चांगली होती हे मी आजही नाकारणार नाही. पंप माळ्यावर गेला. घरातला वास गेला. बाबांना भूक लागू लागली. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी समोर आली की ते दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. ओळीओळींतून मधमाश्या दिसू लागल्या. दर उन्हाळ्यात नवा डबा यायचा, आणि दर उन्हाळ्यात गावातली लहान पाकिटं उकिरड्यावर जायची. मी पुन्हा तोंड उघडायची गरजच राहिली नव्हती.

उकिरड्यावर मात्र पहिल्याच वर्षी कापसाची दोन झाडं उगवली होती. मी पुरलेल्या पाकिटातली. पानांची पार चाळणी झालेली. बाबा मला ती दाखवायला घेऊन गेले. "हे झाड येडं हाये बाई. याले अळी लागते." मी म्हटलं, उपटून टाकते. त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. अळीलेबी पोट हाये."

अळी लागलेलं झाड बघत हा माणूस शांत उभा होता. मी त्याला ओळखलंच नव्हतं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण तोवर मी साऱ्या गावाला सांगून बसले होते, आणि मास्तरीण चुकली असं ओसरीवर म्हणवून घ्यायची मला लाज वाटली. सुरुवातीला ती माया होती. त्या दिवसापासून तो निव्वळ माझा तोरा होता.

मग गुलाबी अळी आली, बीटी पचवणारी. काही वर्षांनी, आणि सगळीकडेच. पाकळ्या मिटून गुलाबासारखी बसलेली फुलं दिसू लागली. आमच्याकडे त्यांना डोमकळ्या म्हणतात. बोंड बाहेरून हिरवंगार, आणि फोडलं की आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा, चिकटलेला. एकट्या माझ्या लबाडीने एवढं झालं असं नाही. ती पाकिटं कुठकुठल्या गावांत फेकली गेली असतील, कोण जाणे. पण त्या गावांत कागद वाचून समजलेलं माणूस होतं का? आमच्या गावात होतं.

बाबांनी पंप माळ्यावरून काढला तेव्हा मी वर्गात होते. अळी बोंडाच्या आत, तिथे औषध पोचत नाही, म्हणून त्यांनी जास्त कडक केलं आणि जास्त वेळ मारलं. संध्याकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. तेच हॉस्पिटल, तोच फेस. या वेळी शुद्ध यायला दहा दिवस लागले, आणि हाताचा कंप राहिला तो राहिलाच. पाण्याचा पेला त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे, तरी पाणी सांडायचं.

अकराव्या दिवशी मी सगळं सांगितलं. कागद, पाच ओळी, माझी भीती, उकिरडा. मला ते ओरडायला हवे होते.

ते छताकडे बघत म्हणाले, "पाचच ओळी?"

"हो."

"मले सांगतलं असतं तं पेरल्या असत्या. पाखरायले सोडतो, तं अळीले काय?"

पुढे ते त्यावर कधी बोलले नाहीत.

घरी सोडायच्या दिवशी नर्सने कागद आणून दिला: कोणत्या गोळ्या, कधी, काय खायचं, काय टाळायचं. मी सवयीने हात पुढे केला. घरातला प्रत्येक कागद आजवर माझ्याच हातात आलेला. बाबांनी थरथरत्या हाताने तो घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मग फरशी पुसणाऱ्या वॉर्डबॉयला त्यांनी हाक मारली आणि कागद त्याच्यापुढे धरला.

"भाऊ, जरा वाचून सांग. काय लिव्हेल हाये याच्यात?"