रांगेतून आलेला शेळीचा धडा

पडेगावच्या आमच्या शाळेत टीव्ही आला, तेव्हा धड्याआधी त्याची पूजा झाली. भिंतीवरचा मोठा टीव्ही, गावाने वर्गणी काढून घेतलेला. हेडमास्तरांनी नारळ फोडला आणि कुणीतरी उत्साहाच्या भरात तेलात कुंकू कालवून थेट काचेवरच स्वस्तिक काढलं. आठवडाभर आमच्या कवितेतला मोर लाल तोंडाने नाचत होता. मी पुसायला गेले तर जमलेल्या बायका म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई, नजर लागत नाय." अहो, नजर नाही लागत, पण पोरांना मोर तर दिसू दे! शेवटी एका दुपारी मी ओलं फडकं फिरवलं आणि विचारणाऱ्यांना "आपोआपच गेलं" म्हणून सांगितलं.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर मात्र आमच्या दिशेने पळत सुटलेलं. दौलताबादच्या रस्त्याला रोज एखाद्या इमारतीचा पाया खणला जाई. फ्लॅटच्या जाहिरातीत निळाशार तलाव, आणि त्याच फलकाखाली गल्लीतल्या निळ्या ड्रमांची रांग. टँकर यायची वेळ ठरलेली नव्हती. ड्रमापाशी माणूस नसलं की पाइप सरळ पुढच्या ड्रमात जायचा, असा गल्लीचा रिवाज. त्यावर कुणी तक्रारही करत नसे.

माझ्या तिसरीतली एक मुलगी या ड्रमापायीच शाळेत यायची बंद झाली. वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. आई नव्या इमारतीवर सिमेंटची घमेली वाहायची. मग ड्रमाची राखण कोण करणार? ही.

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तिसरीत गेली तरी पोरीला वाचता येत नाय. घरात कधी तोंड उघडत नाय. पुढल्या महिन्यात देवगावला मामाकडं धाडते. तिथं लहान लेकरं हायती, सांभाळंल."

"कोण म्हणतं वाचता येत नाही? वर्गात येतं तिला!"

"मी तर कधी ऐकलं नाय," आई म्हणाली. मला राग आला, पण तिचंही खरंच होतं. ती पहाटे जायची आणि दिवे लागल्यावर यायची. ऐकणार कधी?

आमच्या वर्गाची तेव्हा एक पद्धत होती. पोरं घरी धडा वाचून मोबाईलवर आवाज भरायची आणि पालकांच्या ग्रुपवर पाठवायची. सकाळी मी ते टीव्हीच्या स्पीकरवर लावायची. बाकीच्यांनी पुस्तकात ओळीखाली बोट फिरवत ऐकायचं. आईचा तडा गेलेला मोबाईल दिवसा पोरीकडेच असायचा. मी तिला म्हटलं, "शाळेत येऊ नकोस बाई, पण ड्रमावर बसून वाच. पाठव मला." तिने मान डोलावली.

चार-पाच दिवस काहीच आलं नाही. मग एका सकाळी आलं. आणि केवढं लांबलचक! पोरीने आवाज भरायचं बटण वर सरकवून ठेवलेलं, वेळेवर बंद करायचं विसरलेली. मी लावलं. वर्गाने बोटं ओळीवर ठेवली.

बाजारात हरवलेल्या शेळीचा धडा होता. आवाज बारीक, पण स्वच्छ. मागे बायकांचं जोरदार भांडण: "माझा ड्रम सरकवला कुणी?" "तुझा व्हय? नाव लिव्हलंय का त्याच्यावर?" वर्ग खदाखदा हसायला लागला. मी डोळे वटारले, पण हसू मलाही आवरेना. तेवढ्यात एक पहाडी आवाज आला: "ए, गप बसा गं! पोरगी वाचायलीय!"

आणि काय सांगू, रांग गप्प झाली. पोरगी वाचत राहिली. मध्येच एका शब्दाला अडली, तर माझा अख्खा वर्ग टीव्हीकडे बघून तो शब्द ओरडला. जणू तिला ऐकू जाणार होतं! तिचं तिनेच जुळवलं, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग टँकरचा हॉर्न, बादल्यांचा खणखणाट. पहाडी आवाज पुन्हा: "शेळी गावली का गं मग?"

"मावशी, पाणी भरू का वाचू?"

"वाच तू. तुझा ड्रम मी भरते."

त्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्या दारात. आई नुकतीच आलेली, हातावर सिमेंट तसंच. कुणाचं वाचन ते न सांगता मी माझ्या मोबाईलवर ते लावलं. ती उंबऱ्यात टेकली आणि ऐकत राहिली. भांडणाला हसली. मग वाचन ऐकता ऐकता तिने मला विचारलं, "लई छान वाचती. कुणाची पोरगी ही?"

पोरगी आत चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मम्मे, मीच हाय की."

आईने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा मोबाईलकडे. "परत लावा," म्हणाली. मी परत लावलं. शेळी सापडेपर्यंत तिने सगळं ऐकलं. मग हात पदराला पुसले, तडा गेलेला मोबाईल उचलला आणि देवगावला भावाला फोन लावला.

"दादा, पोरगी येत नाय तिकडं," ती म्हणाली. "तिला शाळा हाय."