हातभर आत वळलेली रेघ

त्या मैदानावरची पांढरी रेघ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी सातवी शिकून पोलिसात लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. तेव्हा नेमणूक बारामतीत होती. गावातल्या जुन्या फुटबॉल मैदानाचं स्टेडियम होत होतं. एका बाजूला गॅलरीचं काम, दुसरीकडे खेळ चालू. एका सकाळी हजेरी संपताना काटेवाडीचे एक आबा ठाण्यात आले. भाजीपाल्याचे शेतकरी, तरुणपणी त्याच मैदानावर खेळलेले.

"बाई, मैदानावरची रेघ सरळ झालीया."

ठाणे अंमलदार हसले. "आबा, हा गुन्हा कुठल्या कलमात बसवू?"

"हसा. तीस वरसं तात्या चुन्याच्या फक्कीनं रेघ मारतोय. कालव्याकडच्या कोपऱ्यात त्याची रेघ कायम हातभर आत वळायची. आमी त्याला तिरळा म्हनायचो. आता दोरी लावल्यागत सरळ हाय. ती त्याची न्हाय. मंग तात्या कुठं हाय?"

तात्या म्हणजे मैदानाचा राखणदार. नवरा-बायको तिथल्याच खोलीत राहत. मी गेले. बायको म्हणाली, "कळंबला गेल्यात, बहिणीकडं." ठाण्यातून कळंबला फोन लावला. बहिणीकडे तो वर्षभरात फिरकला नव्हता.

तिला ठाण्यात आणलं. मी दरडावलं नाही, नुसती समोर बसून राहिले. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही. तिच्या नखांत फक्की होती.

"रेघ तू मारतेस?"

"व्हय. नऊ दिस झालं. दुपारी फक्कीचा डबा घिऊन गेलं, ते आलंच न्हाईत. काम बंद दिसलं तर खोली काढून घेतील. मला नजरेनं जमत न्हाय, म्हनून दोरी लावली." मग तिचा आवाज खाली गेला. "बाई, रोज सकाळी त्या कोपऱ्यात वीतभर रेघ मिटलेली असायची. तेवढीच. मी रोज परत भरायची."

मी विचारलं, "तो ती वाकडी का मारायचा?"

"म्हनायचं, हिरीवर पाय देऊ नये. कुठली हीर? मी तर हितं मैदानच बघत आले."

साहेबांनी मिसिंग नोंदवून जुना नकाशा मागवला. मैदानाआधी तिथे उसाचा मळा होता, आणि त्या कोपऱ्यात विहीर. गॅलरीच्या कामावरच्या जेसीबीवाल्याचा जबाब घेतला. तात्या गेला त्या संध्याकाळी त्याला त्याच कोपऱ्यात खड्डा दिसला होता, त्याने दोन ट्रॉल्या मुरूम लोटला.

"आत वाकून बघितलंस?"

"खड्ड्यात काय बघायचं, मॅडम?"

पंचांसमोर खोदलं. विहिरीवरच्या झाकणाची कुजलेली लाकडं, फक्कीचा डबा, आणि तात्या. मुरूम खाली बसत होता, म्हणून रेघ मिटत होती. पंचनाम्यात तेवढंच लिहिलं.

बायको काठावर उभी होती. "मी रोज ह्यांच्यावरनंच चालत व्हते?" मी तिला दंडाला धरून काठावरून मागे घेतलं.

विहीर दगडांनी पक्की भरली. स्टेडियम झालं. राखणदारी आणि खोली तिच्याकडेच राहिली. त्या कोपऱ्यात ती आता दोरी लावत नाही. रेघ हातभर आत वळवते. रेफ्री भांडतात, ती ऐकत नाही. मी एवढंच शिकले, की कुणाच्या कामात वाकडं दिसलं तर हसण्याआधी त्याला कारण विचारावं. आम्ही तीस वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं.

परवा तिच्याकडे गेले होते. विहीर आता खचत नाही, रेघही तिच्यावरून जात नाही. तरी कोपऱ्यात वीतभर मिटलेली होती. तिने डबा उचलला आणि तेवढी भरली. मीही काही विचारलं नाही.