बंद राउटरवरून लागलेला फोन

आधी मी कसा माणूस आहे ते सांगतो, मग हसायचं तर हसा. वाळूजच्या एका कंपनीत मी एकोणतीस वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला होतो. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाही, असा माझा खाक्या. घर बौद्ध. अंगात येणं, उतारा, नजर लागणं हे सगळं माझ्या वडिलांनी धर्मांतराच्या वेळीच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचायचो ते वेळ जावा म्हणून, आणि प्रत्येक अनुभवाखाली मनातल्या मनात शिक्का मारायचो... रिजेक्ट. आज मीच एक लिहायला बसलोय. गंमत आहे.

तर, मी अशोक वाघमारे, वय एकसष्ट. छत्रपती संभाजीनगरला गारखेडा भागात आमची चार मजली बिल्डिंग आहे, लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर. बायको सुमन तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा निखिल कॅनडात आहे, त्याचा दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल येतो. आठवड्यातला माझा तेवढाच कार्यक्रम म्हणा ना.

आणि हा कार्यक्रम सगळा त्या राउटरवर. आमच्या बिल्डिंगमध्ये मोबाइलला रेंज नाही. बाल्कनीत अगदी कोपऱ्यात उभं राहिलं तर दोन कांड्या येतात, आत आलं की शून्य. त्यामुळं वायफाय गेलं की माणूस विहिरीत पडल्यासारखा. आणि वायफाय जायचंच. निखिल "पप्पा, तब्येत—" म्हणेपर्यंत चित्र गोठायचं, राउटरवर लाल दिवा. हेल्पलाइनला फोन केला की मशीन सांगणार, तीस सेकंद बंद करून पुन्हा चालू करा. त्या तीस सेकंदांत आयुष्यातले किती तास गेले असतील, देव जाणे— म्हणजे, कोण जाणे.

केबलवाल्याचा माणूस म्हणजे सोनवणे. चाळिशीचा, कन्नड तालुक्यातला, बोलायला एकदम मोकळा. यायचा, वायर बघायचा, राउटर उलटा-सुलटा करायचा. "सर, लाइन ओके हाय. राउटर बी ओके हाय. आता म्या काय करू सांगा." मग चहा घ्यायचा आणि जायचा. अडॅप्टर बदलला, राउटर बदलला, जागा बदलली, तरी तेच.

एक कबूल करतो. कधी कधी नेट व्यवस्थित चालू असायचं तरी मी कम्प्लेंट टाकायचो. तीन जिने चढून कुणीतरी येणार, अर्धा तास बोलणार... त्याला कळत असावं. कधी बोलला नाही.

माझ्या घराच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर शाहीन बाजी राहायच्या. उर्दू शाळेत शिक्षिका होत्या, निम्मी नोकरी पिशोर गावी झाली, रिटायर होऊन इथं एकट्याच. त्यांची मुलगी जेद्दाहला. एका बिल्डिंगमध्ये आम्ही नऊ वर्षं राहिलो, पण जिन्यात मान हलवण्यापलीकडं ओळख नाही. एका रविवारी निखिलचा कॉल तुटला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचं दार वाजवलं.

"बाजी, तुमचं नेट चालू आहे का?"

"चालू आहे की. अंदर आव ना वाघमारे साहेब, दारात काय उभे राहता." मी घुटमळलो तर म्हणाल्या, "अरे, शरमाते कायकू? बच्चे का फोन है ना?"

त्यांनी कागदावर पासवर्ड लिहून दिला. पिशोरचं नाव आणि नोकरीला लागल्याचं साल. त्या दिवसापासून माझ्या फोनमध्ये 'शाहीन टीचर' नावाचं वायफाय सेव्ह झालं. त्यांच्या हॉलमध्ये बसून मी निखिलशी बोलायचो, त्या आत स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम भांड्यांचा आवाज करायच्या, म्हणजे मला मोकळं बोलता यावं. ईदला वाटीभर शीरखुर्मा वर आला. वाटी परत करताना मी त्यात चार मोसंब्या ठेवल्या. एवढंच आमचं जाणं-येणं. पण बिल्डिंगमध्ये खाली कुणीतरी आहे, हे चोवीस तास जाणवायला लागलं होतं.

गेल्या मार्चमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी बाजी जेद्दाहला गेल्या. तीन-चार महिने तरी येणार नव्हत्या, म्हणून नेट बंद करायला सांगितलं. सोनवणे आला तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं खांबावरून त्यांची वायर सोडवली आणि गुंडाळून गच्चीच्या कठड्याला बांधून ठेवली. बाजींनी राउटरचा अडॅप्टर काढून कपाटात टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं. राउटर तेवढा चपलांच्या स्टँडवर राहिला. घराची किल्ली मला दिली, कारण बाल्कनीत त्यांची झाडं होती. मोगरा, कोरफड, एक लिंबाचं.

"पाणी येईल त्या दिवशी टाका. रोज नक्को, तुमचे गुडघे दुखतात."

आमच्याकडं नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. आलं की बादल्या, ड्रम, पातेली, दिसेल ते भरायचं. एप्रिलमधला तो सोमवार पाण्याचा होता. सकाळी उठलो तर नेट गेलेलं. बाल्कनीच्या कोपऱ्यातून सोनवणेला फोन लावला.

"सर, आज नाद सोडा. पाइपलाइनचं खोदकाम चालूय, मशीननं केबल तोडली. अख्ख्या गल्लीचं नेट गेलंय. संध्याकाळ तर व्हईलच."

साडेअकराच्या सुमारास पाणी आलं. माझं भरून झाल्यावर मी खाली बाजींच्या घरी गेलो. दार आतून लावलं नाही, नुसतं लोटलं. नळ सोडला, बादली भरून बाल्कनीकडं निघालो, आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना ओल्या फरशीवरून पाय सटकला. उजव्या खुब्यावर पडलो. आतून आवाज आला. वाळलेली फांदी मोडावी तसा. तो आवाज अजून कानात आहे.

उठायला गेलो तर डोळ्यांपुढं अंधारी. पाय माझा नव्हताच जसा. ओरडलो. पण एप्रिलची दुपार, सगळ्यांची दारं बंद, घराघरात कूलर धडधडतायत. वरचं माझं घर रिकामं, समोरच्या फ्लॅटमधले नवरा-बायको दोघंही नोकरीला. खिशातून फोन काढला. रेंज नाही. इमर्जन्सी कॉल करून बघितला, तोही लागेना. नळ चालूच होता, पाणी स्वयंपाकघरातून वाहत येऊन पाठीखाली साचलं. पाऊण तासानं नळ आपोआप थांबला, तेव्हा मला जास्त भीती वाटली. तोपर्यंत निदान तो आवाज तरी होता.

मग मी विचार करू लागलो, सवयीनं. आज सोमवार. निखिलचा फोन रविवारी. कामवाली मी ठेवलेली नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो, कालची असली तरी त्याला काही वाटणार नाही. म्हणजे सहा दिवस. सहा दिवस मला कुणीही शोधणार नव्हतं. आणि शोधलं तरी माझ्या घरात शोधतील, इथं कोण बघेल?

मला मरणाची भीती वाटली असं नाही म्हणता येणार. आपल्याशिवाय जग इतकं आरामात चाललंय, याची लाज वाटली. विचित्र आहे, पण लाजच.

तास गेले. घशाला कोरड. मधे डोळा लागला असेल, नाही म्हणत नाही. पण पुढचं सांगतोय तेव्हा मी पूर्ण जागा होतो. खुब्याची कळ झोपू देत नव्हती.

पावणेचार वाजले होते. छातीवर ठेवलेला फोन थरथरला. एकदा, दोनदा, मग सलग. ग्रुपवरचे सकाळपासूनचे अडकलेले मेसेज धडाधड पडायला लागले. मला वाटलं रेंज आली. बघितलं तर रेंजच्या जागी फुली तशीच. पण शेजारी वायफायची खूण, पूर्ण भरलेली. नाव— शाहीन टीचर.

मी मान वळवून स्टँडकडं पाहिलं. राउटर माझ्या डोळ्यांपुढं चार फुटांवर होता. त्यावर एकही दिवा नव्हता. ना हिरवा, ना लाल. मागं वायर नाही, अडॅप्टर नाही. नुसता एक काळा डबा, वर धूळ. मी नीट पाहिलं. माझी सगळी नोकरी नीट बघण्यातच गेली.

मग मी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि कॉलच्या यादीत सगळ्यात वर जे नाव होतं त्यावर फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला.

"बोला सर."

"सोनवणे, मी पडलोय. बाजींच्या घरात. दार उघडंच आहे."

"आलो." बस, एवढंच.

त्याचा आवाज इतका स्वच्छ होता की काय सांगू... न तुटता, न घरघरता. तीन वर्षांत त्या बिल्डिंगमध्ये इतका साफ कॉल मी ऐकला नव्हता. कॉल संपल्यावर निखिलला लावायला गेलो, तर वायफायची खूण गेलेली. पुन्हा आली नाही.

दहा मिनिटांत सोनवणे खोदकामावरच्या दोघांना घेऊन आला. अंगभर माती. मला पाणी पाजलं, डोक्याखाली उशी दिली, खाली जाऊन अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत माझ्याजवळ बसला होता, तेव्हा सहज विचारलं, "सर, फोन कशावरून लावला वो तुम्ही?"

मी स्टँडकडं बोट दाखवलं.

तो उठला. राउटर हातात घेतला, उलटा केला, मागची भोकं बघितली. तळव्यानं वरची धूळ पुसली. मग म्हणाला, "सर, याला लाइटच नाय. अन् याची वायर तर म्याच काढून गच्चीवर बांधलीय." थोड्या वेळानं, एकदम हळू आवाजात, "गल्लीचं नेट अजून आलं नाय सर. तुमचा फोन आला तवा तुटलेली केबल माझ्या हातातच व्हती."

खुब्याचं ऑपरेशन झालं, आत रॉड टाकलाय. पाचव्या दिवशी निखिल आला, पंधरा दिवस राहिला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, क्षणभर रेंज आली असेल, मोबाइल डेटावरून लागला असेल." मी म्हटलं असेल. पण डेटा बंद होता आणि रेंजच्या जागी फुली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कॉलची नोंद माझ्याही फोनवर आहे, सोनवणेच्याही. वॉकरवर चालायला लागल्यावर मी खाली जाऊन त्याच जागी फोन धरून बघितला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, पन्नासएक वेळा तरी. एकदाही कांडी आली नाही. बिल्डिंगमधल्या सगळ्या घरी विचारून आलो, कुणी त्या नावाचं हॉटस्पॉट चालू केलं होतं का. लोकांनी आधी माझ्या पायाकडं आणि मग तोंडाकडं बघितलं.

जायच्या आदल्या दिवशी निखिलनं विचारलं, "आधी मला का नाही लावलात?" मी म्हटलं, "तू तिकडून काय करणार होतास?" तो माझ्या गोळ्या डबीत भरू लागला. खरं तर मी नाव निवडलंच नव्हतं. यादीत सगळ्यात वर सोनवणे होता. माझं रोजचं बोलणं त्याच्याशीच व्हायचं, म्हणून. हे पोराला कसं सांगणार?

बाजींना मी महिनाभरानं फोनवर सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "कुठल्या जागी पडलात?"

"स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना. उंबरा ओलांडल्याबरोबर."

पलीकडं त्यांनी खोलीचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"मी पण तिथंच पडले होते," त्या म्हणाल्या. "चार साल झाले. पाय मुरगळला होता, पूरी शाम वहींच पडून होते. मनात येत होतं, मेले तर किती दिवसांनी कळेल लोकांना... त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेट लावून घेतलं. मुलीला सांगितलं, पिक्चर देखने के लिए लिया."

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी तेव्हा वरच होतो. कदाचित टीव्ही बघत असेन. त्या संध्याकाळी मला काही ऐकू आलं होतं का, ते खूप आठवून बघितलं. नाही आठवत.

बाजी आता परत येणार नाहीत, मुलगी सोडत नाही. फ्लॅटमध्ये नवे भाडेकरू आलेत, चांगले आहेत, त्यांचं नेट दुसऱ्याच कंपनीचं आहे. झाडं मी वर आणलीत.

हे कसं झालं, मला माहीत नाही. सोनवणेलाही नाही, आणि त्यानं या शहरात हजारभर राउटर तरी बसवले असतील. कुणाला कळत असेल तर सांगा, मी मनापासून ऐकेन. फक्त 'डेटा चालू असेल' एवढं लिहू नका.

तो राउटर कंपनीचा होता, सोनवणे घेऊन गेला. मागच्या आठवड्यात मी विचारलं, त्याचं काय केलंस. म्हणाला, पडेगावला एका घरात लावला. एक म्हातारी आहे, एकटीच असते.

"दुसरे नवे बी व्हते सर," तो म्हणाला. "पण तिला त्योच द्यावा वाटला."