नावाने मारलेली हाक

सन २०२२. माझं वय तेव्हा एकाहत्तर होतं. बायको सिंधू पासष्टीची असेल.

आधीच सांगतो, भूत, भानामती, करणी, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. पंचवटीच्या भाजीबाजारात चाळीस वर्षं गाळा चालवला. अमरधामच्या, म्हणजे स्मशानाच्या, रस्त्याने डोक्यावर पाट्या वाहिल्या, मला कधी कोणी आडवं आलं नाही. आलं असतं तर मीच दोन शिव्या घातल्या असत्या. असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचो.

मी दुसरीत शाळा सोडली. हे सगळं मी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलंय, पावणेदोन महिने लागले. मुलगी मंगल घोटीला दिलीय, तिने ते मोबाइलवर चढवलं. तिला म्हटलं, शुद्धलेखन सुधार, पण मला चांगला माणूस करू नको.

तर… आमची चालायची रीत अशी, की मी पुढे आणि सिंधू पिशव्या घेऊन मागे. त्या दिवशी आमच्याच गल्लीत एका मोटारसायकलवाल्याने तिला उडवलं. तिचं डोकं दगडी पायरीवर आपटलं. ती मागे राहिली हे मला कोपऱ्यावर गेल्यावर कळलं.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बोलण्याची जागा असते, मार नेमका तिथे बसलाय. तिला समोरचं सगळं कळायचं, पण बोलायला गेली की "ते… ते… ते…" एवढंच बाहेर यायचं. मग तिचे डोळे भरायचे आणि मी म्हणायचो, "असू दे, असू दे." आणि बाहेर जायचो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मला वाचता येत नव्हतं. आकडे यायचे, सही यायची, बस. सिंधू सातवी पास. लग्नपत्रिका, लाइटबिल, औषधाची चिठ्ठी ती हळूच वाचून सांगायची, आणि चारचौघांत मी असं बोलायचो की जणू मीच वाचलंय. हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. पोटच्या पोरीलासुद्धा नाही.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. स्पीच थेरपी म्हणतात त्याला. त्यांनी मला कार्डांचा गठ्ठा दिला. वर चित्र, खाली तीन-चार ओळी लिहिलेल्या.

"नाना, रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास. तुम्ही वाचायचं, आजींकडून म्हणवून घ्यायचं. आधी घरातली नावं घेऊ. तुमचं नाव?"

"तिंबक."

"म्हणजे त्र्यंबक. आजी, म्हणा बरं, त्र्यं…"

"ओ मॅडम!" मी म्हटलं. "तेवढं नाय. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाय. अठ्ठेचाळीस वर्षांत घेतलं नाय, आता दवाखान्यात घेणार का?"

"अहो, जवळच्या माणसाचं नाव लवकर येतं ओठावर."

"माझं नाव तिच्या ओठावर कधी नव्हतंच. येईल कुठून?"

शेजारच्या खाटेवरचे लोक हसले. मला वाटलं, जिंकलो. सिंधू हसली नाही.

घरी आल्यावर मी कार्डं कपाटावर ठेवून दिली. म्हाताऱ्या माणसाने बायकोसमोर बसून बालवाडीसारखं आ-ऊ करायचं, गल्लीतले लोक दारातून बघणार… आणि वाचणार कोण? मॅडमनी एक वहीही दिली होती, रोज एका चौकटीत खूण करायची. मी नेमाने करायचो. महिन्याने मॅडमनी वही उघडली.

"नाना, तुम्ही रोज 'सराव झाला नाही' इथे खूण केलीय. खरंच नाही झाला?"

माझे कान तापले. पण तोंड चाललं. "मग? खोटं लिहू का? तिला ताप होता."

"महिनाभर?"

"येत-जात होता."

मॅडमनी वही मिटून माझ्या हातात दिली. मी त्या दिवसापासून दुसऱ्या चौकटीत खूण करायला लागलो. एवढाच फरक. मंगल फोनवर विचारायची, "बाबा, आज किती शब्द?" मी सांगायचो, दहा. "आईला द्या ना." "झोपलीय." सिंधू समोर बसून माझ्याकडे बघत असायची.

असे चार महिने गेले. मॅडम सांगायच्या, पहिल्या महिन्यांतच काय ते होतं, वेळ घालवू नका. ते मी ऐकून सोडून दिलं.

मग तो मंगळवार आला. सकाळी दहाला मी सिंधूला खाटेवर बसवलं, वॉकर जवळ ठेवला. मोरीत नळ उघडा ठेवून खाली बादली लावली. आमच्याकडे पाणी साडेदहाला सुटतं. कुत्रं शिरू नये म्हणून बाहेरून कडी घातली. "आलोच," म्हटलं आणि दाढीला गेलो.

सुरेशचं दुकान भाजीबाजाराच्या पलीकडे, पायी दहा-बारा मिनिटं. मधे रिक्षा, गाड्या, भाव ओरडणारे, भोंगे. सुरेशने माझ्या तोंडाला फेस लावला. तेवढ्यात त्याच्या नळाला पाणी आलं. आमचं आणि तिथलं पाणी एकदमच सुटतं. तो बादली भरून घेऊन आला, वस्तरा हातात घेतला, आणि हाक आली.

"त्र्यंबक!"

बाईचा आवाज. सुरेशचा हात थांबला.

"नाना, कोण ओ ही? एकेरीत बोलवतीय तुम्हाला."

मी आरशात बघितलं. दाराबाहेर मेथीची जुडी निवडणारा एक माणूस, दुसरं कोणी नाही.

"असेल कोण तरी. देवाचं नाव घेत असेल."

"देवाला असं दटावून बोलवतात व्हय?" सुरेश हसला. दारापर्यंत जाऊन आला. "कोणीच नाय."

परत हाक आली. "त्र्यंबक!"

आता नीट ऐका. बाजारात मला सगळे तिंबक म्हणतात, तिंबकनाना. आई तिंबक्या म्हणायची. ते 'त्र्यं' कोणाला म्हणताच येत नाही, मलाही येत नव्हतं. आमच्यात शाळेतल्यासारखं स्वच्छ बोलणारं माणूस एकच. दुसऱ्या हाकेला मी आवाज ओळखला.

हे त्या दिवशी मी लपवलं. मंगलला म्हटलं, ओळखला नाही. सुरेशला म्हटलं, कोणीतरी येडी असेल. पण मी ओळखला होता. आणि वाचा गेलेली बाई बोलली याचं नवल वाटायच्या आधी, ती इथे कशी याची भीती वाटायच्या आधी, मला राग आला. भर बाजारात, परक्या माणसासमोर, नावाने?

"उठा नाना, बघून या," सुरेश म्हणाला.

"बायकांनी नावाने बोलवलं म्हणून उठणारा मी नाय. तू दाढी कर."

तिसरी हाक मोठी नव्हती. अगदी कानाशी आली, दमल्यासारखी. "त्र्यंबक… ये."

सुरेशच्या हातातला वस्तरा खाली पडला. त्याने दंडावरचे उभे राहिलेले केस मला दाखवले. मी त्याला मिशा बारीक करायला सांगितल्या. मग चहा मागवला, तोही बसून प्यायलो. सगळा मिळून पाऊण तास गेला असेल.

घरी आलो तर उंबऱ्याखालून पाणी वाहत होतं. कडी काढली. बादली भरून वाहत होती. नळ बंद करायला सिंधू उठली असणार. वॉकर आडवा पडला होता आणि ती मोरीच्या तोंडाशी, पाण्यात. पाय वाकडा. खुबा मोडला होता. डाव्या हाताने तिने ताट ओढून घेतलं होतं, दारावर वाजवायला. पण दार लांब होतं.

मला बघून म्हणाली, "ते… ते… ते…"

परत तोच दवाखाना. डॉक्टरांनी, मॅडमनी तपासलं. एक शब्द फुटत नव्हता. मी आडून विचारलं, पडल्यावर घाबरून एखादं नाव येऊ शकतं का? मॅडम म्हणाल्या, कधीकधी एखादा शब्द निसटतो. पण एवढं अवघड जोडाक्षर, तीन वेळा, स्वच्छ? शिवाय कडी लावलेल्या खोलीतून, अख्खा बाजार ओलांडून? त्यांनी मान हलवली. गल्लीत मी दारोदार विचारलं. शेजारची बाई तेव्हा घरातच होती, भिंत एकच. तिला नळाचं पाणी ऐकू आलं, हाक नाही. मेथीवाल्यानेही काही ऐकलं नव्हतं. ऐकली फक्त सुरेशने आणि मी. सुरेश दिवसभर गिऱ्हाइकांची टिंगल करतो, या गोष्टीची आजवर केली नाही.

उत्तर मला मिळालेलं नाही. पोटापाण्याला लागल्यापासून मी सगळ्याला उत्तर दिलं, याला देता येत नाही. आणि खरं सांगू का, हाक कशी आली यापेक्षा मी बसून कसा राहिलो, हेच मला जास्त कळत नाही.

त्या संध्याकाळी वॉर्डात मी सिंधूला हळूच विचारलं, "तू बोलवलंस का गं मला?"

तिने माझ्याकडे बघितलं. बारीक केलेल्या मिशांकडे बघितलं. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम वॉर्डात आल्या. मंगल होती, आजूबाजूच्या खाटांवर माणसं होती. माझा आवाज मुळात मोठा, तो मी लहान केला नाही.

"मॅडम, मला वाचता येत नाय. कार्डं मी एकदाही काढली नाय. वहीतल्या सगळ्या खुणा खोट्या."

मंगल म्हणाली, "बाबा…"

मग मी खाटेच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, सिंधूचं तोंड होतं तिथे. म्हणालो, "हाक ऐकली होती मी. तिन्ही ऐकल्या. तुझी आहे हे कळलं होतं. उठलो नाय."

ती बघत राहिली. मी मान खाली घालणार होतो, पण म्हटलं नाही, बघू दे तिला. कोणी हसलं नाही. मॅडमनी स्टूल सरकवलं, मला बसवलं, आणि कोऱ्या कार्डावर पेनने माझं नाव लिहून समोर धरलं.

"आजी नंतर," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही."