पुढचे राहिले

नाहीमास्तरांच्या तोंडून ‘नाही’ निघालं की परळच्या त्या बंगल्यातला आमचा अख्खा हॉल जागच्या जागी थांबायचा. नोकरीला लागले त्या आठवड्यात मी दचकून शाईची दौत सांडली होती. पुढे सवय झाली, आणि मास्तरांचं खरं आडनाव आम्ही सगळेच विसरून गेलो.

आमची संस्था गणकयंत्र बांधत होती. शेजारच्या खोलीत साहेब तारा जोडत बसायचे आणि इकडे हॉलमध्ये आम्ही चार-पाच माणसं त्या न झालेल्या यंत्राचं सोंग आणायचो. एकजण हुकूम वाचायचा, मी बेरजा-गुणाकार करायचे, आणि यंत्राची स्मृती म्हणजे मास्तर. पूर्वी ते तांत्रिक शाळेत शिकवायचे. खणांचं कपाट त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं. हुकुमात आकडा आला की त्याची चिठ्ठी कुठल्या खणात आहे ते तक्त्यात बघायचं आणि काढून द्यायची. खणात नसली तर लाल झेंडी पाडून ‘नाही!’ मग कुठली चिठ्ठी मागितली, आकडा वाचायला की तिच्यावर नवा लिहायला, ते पाटीवर खडूनं नोंदवायचं आणि मागच्या मोठ्या पेटीतून चिठ्ठी शोधून आणायची. पेटीतही नसली, तर साहेब येईपर्यंत सगळं ठप्प. खरं यंत्र कुठे अडेल ते आधी कळावं म्हणून हा खटाटोप.

शनिवारी आम्हाला घरची ओढ लागलेली असे. मी गिरगावातली, घरी पाहुणे यायचे असले की जीव वर-खाली व्हायचा. “मास्तर, द्या की कुठलीतरी चिठ्ठी. सोमवारी बघू,” मी म्हणायचे. ते चष्म्यावरून बघत. “गो बाय, खोटी चिठ्ठी दिली तर यंत्र थांबणार नाय. पुढे जाईल. मग चुकलं कुठे ते कुठे शोधत बसशील? त्यापेक्षा अडलेलं बरं.” मला त्यांचा अस्सा राग यायचा!

पाटी लहान होती. दुपारी साहेब बघून पुसत, पण कधी त्याआधीच ती भरून जायची. दुसरा कुणी गप्प बसला असता. मास्तर तळाला, त्यासाठीच राखलेल्या पट्टीत, लिहायचे : ‘पुढचे राहिले’. याची आम्ही पुष्कळ थट्टा केली. कुणी डबा खाताना ढेकर दिली तरी म्हणायचं, पुढचे राहिले. मास्तर चिडत नसत. “जागा संपली म्हणून चुका संपल्या काय रे? काय राहिलं ते लिहिता येत नाय, ठीक. राहिलंय एवढं तरी लिहा. नायतर वाचणाऱ्याला वाटतं, एवढंच होतं.”

त्यांचा मुलगा वसंता दुपारी लालबागहून डबा घेऊन यायचा. मास्तरांची बायको आधीच वारलेली, घरात बापलेक दोघंच, आणि जेवण वसंताच करायचा. मिलमधून सुटला की सभांना जायचा, आवाज कायम बसलेला. एकदा कपाटासमोर उभा राहून म्हणाला, “बाबा, मुंबई महाराष्ट्रात आहे का, बघा तुमच्या तक्त्यात.” मास्तरांनी गंभीरपणे तक्त्यावर बोट फिरवलं. “खण आपलाच आहे. चिठ्ठी दिल्लीला आहे.” “मग आणतो,” वसंता म्हणाला, आणि हॉलभर हशा झाला. त्याचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते. हसला की ते दिसायचे.

मुंबईसाठी निघालेल्या मोर्चावर गोळ्या चालल्या त्या दिवशी वसंता फोर्टात गेला तो परत आला नाही. ट्राम पुन्हा सुरू झाल्यावर मी मास्तरांबरोबर इस्पितळात गेले. तिथल्या कारकुनानं मेलेल्यांची यादी पाहिली, जखमींची पाहिली. वाईट माणूस नव्हता, बसायला खुर्ची दिली. “नाव नाही, काका.” पोलीस म्हणाले, अटकेतही नाही. वसंताबरोबर गेलेल्या पोरांनी त्याला पडताना पाहिलं होतं. उचलला कुणी, कुठे नेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तर कारकुनाला म्हणाले, “त्याचं नाव लिहू नका. खाली एवढंच लिहा, पुढचे राहिले.” कारकून माझ्याकडे बघायला लागला. “असं कसं लिहिता येईल? सरकारी यादी आहे ही.” मी मास्तरांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. त्या हाताला खडू लागलेला होता.

त्यानंतर मास्तर कामावर येत राहिले, झेंडी पाडत राहिले, पण ‘नाही’ इतकं हळू म्हणायचे की हुकूम वाचणाऱ्याला पुन्हा विचारावं लागे. एके दिवशी हुकुमात एक आकडा आला. मास्तरांनी तक्ता पाहिला, खण पाहिला, पेटी उपसली. चिठ्ठी कुठेच नव्हती. त्यांचा हात झेंडीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. “येईल,” ते म्हणाले. “थांबा जरा. येईल.” आम्ही थांबलो. मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर कुठलासा आकडा लिहिला आणि माझ्या हातात दिला. मी मुकाट्यानं बेरीज केली. यंत्र पुढे चाललं. दुपारी साहेब आले, कोरी पाटी बघून खूश झाले. मास्तर उठले, म्हणाले, “साहेब, उत्तर चूक आहे. मला आता ‘नाही’ म्हणवत नाही.” आणि छत्री घेऊन निघून गेले. परत आले नाहीत.

मुंबईसह राज्य झालं. आमच्या गिरगावात लोकांनी एकमेकांना पेढे भरवले, मीही खाल्ले, आनंदानं खाल्ले. मास्तरांच्या गल्लीत, नाक्यावर, गेलेल्यांच्या नावांची पाटी लागली. तिच्यात वसंता नव्हता. पाटी लावणाऱ्या मंडळाची पोरं हात जोडून म्हणाली, “मास्तर, पुरावा नाय ना. उद्या कोणपण येईल.” मास्तर भांडले नाहीत. शेवटच्या नावाखाली त्यांनी खडूनं दोन शब्द लिहिले. सणावारी मंडळ पाटी धुवायचं, मास्तर पुन्हा लिहायचे. त्यांच्याकडे जाताना मी आधी वाकून अक्षरं शाबूत आहेत का बघायचे, मग जिना चढायचे. वसंताबद्दल ते कधी बोलत नसत. चहा मात्र तीन कप टाकायचे आणि तिसरा तसाच गार व्हायचा.

मास्तर गेले त्यालाही आता पुष्कळ काळ झाला. पाटी अजून आहे. कुणीतरी ती छान रंगवली आहे, हार घालतात, स्वच्छ ठेवतात. शेवटच्या नावाखाली थोडी जागा आहे, ती रिकामी आहे. वाचणाऱ्याला वाटतं, एवढेच होते.