साडभाऊंची दस्ती

आमचे थोरले साडभाऊ, म्हणजे मोठ्या मेव्हणीचे यजमान, स्वर्गात गेले तरी आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतील आणि मगच दाराने आत शिरतील, याबद्दल आमच्या सासुरवाडीत कोणालाच शंका नव्हती. खामगावाहून पिंपळगाव राजा या गावच्या शाळेत रोज जाऊन-येऊन मास्तरकी करताना त्यांचा जन्म एस.टी.त गेला. गाडी थांबायच्या आत खिडकीतून दस्ती (रुमालाला ते दस्तीच म्हणत) नेमकी सीटवर टाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाले, पण हाताची खोड गेली नाही. पंगतीत दस्ती, न्हाव्याच्या खुर्चीवर दस्ती. सासऱ्यांच्या तेराव्याला तर भटजींच्या पाटावरच दस्ती पडली आणि भटजी बिचारे उभे राहिले.

खामगावात भर बाजारात इंग्रजांच्या वेळची बाग आहे. कारंजं कोरडं पडलंय, पण चिंचेखालचा दगडी बाक शाबूत आहे. साडभाऊ रोज सकाळी सर्वांआधी तिथे जात आणि आपल्या तीन सोबत्यांसाठी तीन दस्त्या मांडत. पुढे सोबती एकेक करून गेले. दस्त्या मात्र तीनच पडत राहिल्या. कोणी बसायला आलं की हे खेकसत, "दिसत नाही का बे? मानूस येऊन राह्यला!" लोक वेडा म्हणून वळसा घालून जात. मेव्हणी रोज त्या दस्त्या धुऊन, घडी घालून देई. तिने कधी एका शब्दाने विचारलं नाही.

एकदा मीच धीर केला. "साडभाऊ, ते तिघं आता नाही येत."

"मले मालूम हाय. पन ते लय आळशी. जिंदगीत कधी दस्ती टाकली नाही त्याईनं, समद्याईची जागा म्याच धरली. आता वरते माही जागा कोन धरून ठिवन?"

मी सवयीने हसलो.

"हासता काऊन?" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी मला म्हणाले, "बागेत जा. आज चार टाका. मी येतो."

मी गेलो. तीन दस्त्या मांडल्या, चौथी हातात होती, तेवढ्यात मेव्हणीचा फोन आला. "गेले," ती म्हणाली. समोर एक म्हातारबा काठी टेकून उभे होते. "इथं कोनी हाय का जी?" त्यांनी विचारलं. मी तिन्ही दस्त्या गोळा केल्या आणि त्यांना बसा म्हटलं.

दुपारी स्मशानात सरण रचून झालं. लोक त्यांना उचलायला वाकले, तसा मी "जरा थांबा" म्हणालो, पुढे झालो आणि चौथी दस्ती सरणावर टाकली. पाठीमागून कोणीतरी हे काय म्हणून पुटपुटलं. मी दस्तीचे कोपरे सारखे केले.

मग म्हटलं, "हं, आता ठेवा त्यांना."