गुढीची उंची

आमच्या घराच्या एका अंगाला रेल्वेची लाईन आहे आणि दुसऱ्या अंगाला विमानतळ. मधे ऊस आणि आमच्यासारखी पाच-पंचवीस घरं. मी लग्न होऊन आले तेव्हा विमान क्वचित यायचं. आता धावपट्टी लांब केली, नवी इमारत झाली, आणि विमान गेलं तरी कुणी मान वर करत नाही. लाईनवरही तारा आल्या, विजेचं इंजिन आलं.

आमचे मालक रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल आहेत. खताची नाहीतर सिमेंटची मालगाडी येते, तिला रेक म्हणतात. रेक लागली की मुकादमाचा फोन येतो. त्याला वेळ-काळ नाही. गाडी ठरलेल्या वेळेत रिकामी करावी लागते, म्हणून माणसं एका दमात राबतात. मालक घरी येतात तेव्हा कानात, पापण्यांवर सिमेंट असतं. आंघोळ करून सकाळी दहाला आडवे होतात, तेव्हा बाकीच्या घराचा दिवस नुकता सुरू झालेला असतो. घर दोन खोल्यांचं. मुलगी अकरावीला होती, ती ओठ हलवत वाचायची, आवाज न काढता. मी भांडी बाहेर नेऊन घासायची. ताटली हातातून निसटली की मी आधी आत डोकावून बघायची, कारण त्या माणसाची झोप एकदा मोडली की परत लागत नाही आणि दुपारी दुसरी रेक लागली तर तो तसाच जातो.

म्हणून मला वर एक खोली पाहिजे होती. मी आजवर घरात फारसं काही मागितलेलं नाही. ही खोली मागितली.

विमानं आमच्या डोक्यावरून उतरतात, म्हणून वर बांधायचं तर उंचीचा दाखला लागतो. आम्ही विमानतळाच्या ऑफिसात अर्ज दिला. उत्तर आलं की तुमच्या छतावर मास्ट आहे, खोली बांधून तो वर धरला तर घर उंचीच्या हद्दीबाहेर जातं, म्हणून दाखला देता येत नाही.

"मास्ट म्हंजे गं काय?" मी मुलीला विचारलं.

"उंच खांब. मोबाईलच्या टॉवरवर असतोय तसला."

आम्ही दोघी गच्चीवर गेलो. पाण्याची बसकी टाकी होती आणि वाळत घातलेल्या मिरच्या. खांब कुठं दिसेना. मग मुलीनं कागदावर मोजणीची तारीख दाखवली. ती पाडव्याची होती.

मला सगळं आठवलं. त्या दिवशी बांधावर दोन माणसं तीन पायांचं यंत्र लावून उभी होती. परमुलखातली, ठेकेदाराकडची. त्यांना पाडव्याची सुट्टी नव्हती. यंत्राचं तोंड आमच्या छताकडं होतं. मला वाटलं, आमच्या गुढीचा फोटो काढताहेत. गुढी आमची उंच असते. सासऱ्यांनी आजरा गावाहून आणलेली बांबूची काठी आहे, दर वर्षी तीच धुऊन उभी करतो. ती कापायची नाही, बुटकी करायची नाही, छतावरच उभी करायची, अशी या घराची रीत. मी वर जाऊन गुढीच्या साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, पालथा तांब्या पदरानं पुसला, आणि फोटोत येऊ नये म्हणून टाकीमागं सरले. वर आणि मुलीच्या हातानं त्यांना श्रीखंड-पुरी पाठवली. त्यांनी ती खाल्ली, मुलीला दोनदा धन्यवाद म्हणाले, आणि माझी गुढी मास्ट म्हणून लिहून घेऊन गेले.

मालकांना सांगितलं तर ते हसले. "तांब्या लईच चकचकीत घासला व्हतास तू. यंत्राला बी दिसला."

ऑफिसात तेच जाणार होते. पण त्या सकाळी मुकादमाचा फोन आला. पायात चप्पल घालत म्हणाले, "तू जाऊन ये की."

"मी?"

"मग काय विमान पाठवू व्हय तुला न्यायला?"

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता-लिहिता येतं, पण परक्या माणसापुढं तोंड उघडत नाही. बँकेत स्लीप भरून खिडकीतून नुसती सारते. रेशनला सगळ्यात मागं उभी राहते. त्या दिवशी बसमध्ये सगळी वाक्यं मनात जुळवली आणि टेबलापुढं गेल्यावर एकही आठवेना. मी कागद पुढं सारला.

कारकून आमच्याच बाजूचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. त्यानं कागद चाळला. "मावशी, एवढंच हाय की. खांब काढा, काढल्याचा फोटो जोडा."

"खांब न्हाय."

"न्हाय तर फोटो काढायला आणि सोपं."

"गुढी हाय ती."

त्यानं तारीख बघितली, मग शेजारच्या टेबलाकडं वळून म्हणाला, "अवं, ह्यांची गुढी मास्टात धरलीया." दोघं हसले. माझे कान तापले. पण माणूस वाईट नव्हता. त्यानं खणातून छापलेला कागद काढला. "हे हमीपत्र. छतावरील खांब काढून टाकला असून पुन्हा उभारणार नाही. खाली सही करा, आठवड्यात दाखला घरी येतोय."

"पुन्हा उभारणार नाही म्हंजे?"

"कागदापुरतं हो. पाडव्याला कोण येतंय बघायला?"

पेन माझ्या हातात होतं. एक सही केली की वरची खोली मिळत होती. मालकांना निवांत झोप मिळाली असती, मुलीला मोठ्यानं वाचता आलं असतं. मी कागदावर वाकलेसुद्धा. पण ते वाक्य पुन्हा वाचलं आणि हात पुढं जाईना. खांब नव्हताच, तर काढला कसा? आणि पुन्हा उभारणार नाही असं मी लिहून द्यायचं, आणि दर पाडव्याला इकडंतिकडं बघत गुढी उभी करायची?

"माझ्याच छतावर मी चोरून गुढी उभारू व्हय?"

हे मी मनात म्हणाले असं मला वाटलं. पण आजूबाजूची माणसं माझ्याकडं बघत होती.

कारकुनानं हमीपत्र माघारी ओढलं. "मग काय करू, तुमीच सांगा."

"कोरा कागद द्या."

त्यानं दिला. मी बाकावर बसून लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, पान लगेच भरलं. लिहिलं ते असं: ही गुढी आहे. खांब नाही. वर्षातून एक दिवस सकाळी उभी करतो, सूर्य मावळायच्या आत उतरवतो. पुढच्या वर्षी पण छतावरच उभी करणार आहे. म्हणून घर परत मोजावं. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

कारकुनानं वाचलं. "असं लिहित न्हाईत, मावशी."

"मी लिवलंय."

"साहेब वाचतील का हे?"

"वाचाय येत असंल तर वाचतील."

शेजारच्या टेबलावरचा पुन्हा हसला. या खेपेला कारकुनाला.

जेवणाची सुट्टी झाली, संपली. मी बाकावरून उठले नाही. चार वाजता साहेबांनी आत बोलावलं. माझा कागद त्यांच्यापुढं होता. काठी किती लांब, विचारलं. मी हातानं दाखवायला लागले, मग म्हणाले, मोजून सांगते. ते म्हणाले, "परत मोजणीला माणसं पाठवतो. पण बाई, एक ऐका. हद्द ठरली की तिच्यावर काही जायचं नाही. एक दिवससुद्धा नाही. विमानात माणसं असतात."

"ते खरं हाय," मी म्हणाले. ते खरंच होतं. त्यावर माझं भांडण नव्हतं.

महिन्यानं दुसरी माणसं येऊन मोजून गेली, आणि दाखला आला. त्यात हद्द लिहिलेली होती. गवंड्यानं भिंतीवर खडूनं आकडे मांडले. दहा फुटी खोली बांधली तर हद्दीच्या आत बसत होती, पण मग छतावर गुढीला जागा उरत नव्हती. काठी उभी राहायची तर खोली साडेसात फुटांची होत होती.

मालक म्हणाले, "दारात उभी करू की गुढी. निम्मं गाव दारातच करतंय."

रीत त्यांच्या घराची, सासरे त्यांचे, आणि तेच सोडून द्यायला तयार होते. मी म्हणाले, "छतावर उभारणार म्हणून मी लिवून दिलंय."

"कोण विचारणार हाय तुला?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गवंड्याकडं. "ऐकलंस न्हवं? घे साडेसात."

गवंडी चार दिवस कुरकुरला. "वहिनी, वर पंखा बसायचा न्हाय."

"टेबलफॅन हाय."

"मालकांचं डोकं आपटंल दारात."

"झोपायलाच बांधायलोय. आडव्या माणसाचं कुठं डोकं आपटतंय?"

"लोक म्हणतील, कोंबड्याचा खुराडा बांधलाय."

"म्हणू देत. तू प्लास्टर नीट कर."

लोक म्हणालेच. जाऊबाई अजून म्हणतात. पाडव्याला मालकांनी गवंड्याचा टेप मागून आणला, काठी दोनदा मोजली आणि स्वतः वर चढून बांधली. हद्दीच्या चार बोटं खाली राहिली. दुपारी रेक लागली. दिवस मावळायच्या आत मी आणि मुलीनं गुढी उतरवली, काठी पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले ते जेवून वर झोपायला गेले. दारात डोकं आपटल्याचा आवाज आला. मला आणि गवंड्याला एक-एक शिवी मिळाली, मग सगळं गप्प झालं. खाली मुलगी इतिहास मोठ्यानं वाचत होती. ते चारपर्यंत झोपले.

आता पाहुणे आले की मालक जिन्यातच सांगतात, "वाकून या पावणं. आमच्यात गुढीला जागा आधी." पाहुणे वाकतात, मुलगी वाकते, मालक विसरतात आणि कपाळ चोळत बसतात.

माझी उंची कमी आहे. त्या खोलीत मी सरळ उभी राहते.